पुलापलीकडची आठवी

न्यू जर्सीत घर घेताना आम्ही घर पाहिलंच नाही, शाळा पाहिली. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या पुण्याच्या एका मित्राने आधीच बजावून ठेवलं होतं, "किचन नंतर बदलता येतं, बाथरूम बदलता येतं. स्कूल डिस्ट्रिक्ट बदलता येत नाही." तेव्हा आम्ही पार्सिपनीला भाड्याने राहत होतो. दर रविवारी गाडी काढायची, लेकीला मागच्या सीटवर बांधायचं आणि एजंट बाईंच्या मागे मागे फिरायचं. शेवटी जे घर घेतलं ते अंधारं होतं आणि त्याच्या तळघराला ओल होती. पण गावातल्या शाळांचं नाव निघालं की लोक भुवया उंचावून मान डोलवायचे.

गावाच्या कडेने एक लहानशी नदी जाते. तिच्यावर पूल आहे, आणि पूल संपला की दुसरं गाव सुरू होतं. तीच झाडं, तशीच लाकडी घरं. एजंट बाईंनी पुलाच्या अलीकडे गाडी थांबवली आणि म्हणाल्या, "इथपर्यंत." मी विचारलं, "पुढे काय आहे?" त्या हसल्या आणि त्यांनी गाडी वळवली. इथे ज्या गावात घर, त्याच गावची सरकारी शाळा, आणि ती चालते बरीचशी गावातल्या घरांच्या करावर, हे मला पुढे कळलं. घरं महाग तर शाळा श्रीमंत, घरं स्वस्त तर शाळा गरीब. त्या दिवशी मला एवढंच समजलं की त्या पुलावरून आपल्याला जायचं नाहीये.

माझी लेक किंडरगार्टनला गेली तेव्हा तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं. घरी आम्ही मराठीच बोलायचो आणि त्याचा मला मोठा अभिमान होता. पहिल्या दिवशी तिला बाथरूमला जायचं होतं आणि ते सांगता येईना. शेजारी बसलेल्या मुलीने तिचा चेहरा पाहिला, हात धरला आणि कुणालाही न विचारता तिला बाथरूमपर्यंत नेऊन सोडलं. घरी आल्यावर लेकीने मला एवढंच सांगितलं, "आई, मला एक मैत्रीण आहे."

ती मैत्रीण त्या वर्गातली एकुलती एक कृष्णवर्णीय मुलगी होती. तिचे दात किडके होते, केसांना रंगीत मणी लावलेले असायचे आणि हसणं एवढं मोठं की खालच्या मजल्यावर ऐकू यावं. ती आपल्या आजीजवळ राहायची, गावातल्या ड्रायक्लीनरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. आई पुलापलीकडे राहायची. म्हाताऱ्या माणसांच्या एका नर्सिंग होममध्ये ती मदतनीस होती, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी, म्हणून लेकीला तिने आपल्या आईकडे ठेवलं होतं. आजी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातून रिटायर झालेल्या. शाळा सुटायच्या वेळी त्या पिवळ्या छत्रीखाली उभ्या असायच्या, ऊन असो की बर्फ. मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुझ्या मुलीने माझ्या नातीला एक शब्द शिकवलाय. सारखी म्हणत असते. अर्थ काय त्याचा?" तो शब्द होता 'चल'.

आमच्याकडे येणारी मराठी मुलं मला काकू म्हणायची, म्हणून तीही काकू म्हणू लागली. बरीच वर्षं तिला ते माझं नावच वाटत होतं. शाळेतल्या कुठल्याशा कार्यक्रमात तिने मुख्याध्यापिकांना माझी ओळख 'मिसेस काकू' अशी करून दिली, आणि त्याही मला पुढे तसंच म्हणत राहिल्या.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की आता ती किती हुशार होती ते मी सांगेन. ती हुशार वगैरे नव्हती. चारचौघींसारखी होती. अपूर्णांकांचा तिला राग होता, चित्रं गिचमिड काढायची, पळताना पडायची. आणि तिला वाचता येत नव्हतं. दुसरीत गेली तरी अक्षरं तिच्यासमोर उलटीसुलटी व्हायची. डिस्लेक्सिया, असं शाळेने निदान केलं. आणि आमची शाळा श्रीमंत असल्यामुळे तिथे केवळ यासाठी एक स्वतंत्र शिक्षिका होत्या. रोज सकाळी त्या तिला आपल्या लहानशा खोलीत घेऊन बसायच्या. वाळूत बोटाने अक्षरं काढायची, टाळ्या वाजवून शब्द तोडायचे, ओळीखाली पट्टी धरून एकेक ओळ वाचायची. रोज म्हणजे रोज. वर्षामागून वर्षं.

त्या पट्टीसकट ती आमच्या डायनिंग टेबलाशी बसायची. मी पोहे करत असायचे आणि ती मोठ्यांदा वाचत असायची. अडली की थांबायची, डोळे मिटायची, ओठातल्या ओठात शब्द तोडायची आणि मग धाडकन म्हणायची. माझी लेक कधी मध्येच पुढचा शब्द सांगू गेली तर ओरडायची, "सांगू नको! येतोय मला!" सातवीत तिने एक अख्खी जाड कादंबरी वाचून संपवली. कुत्र्याची काहीतरी गोष्ट होती. शेवटचं पान तिने आम्हा दोघींना उभं राहून वाचून दाखवलं, शेवटी कुत्रा मरतो तिथे स्वतःच रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. "काकू, मी पुस्तकामुळे रडतेय! पुस्तकामुळे!"

त्याच उन्हाळ्यात आजी गेल्या. अंघोळ करताना चक्कर आली आणि त्या उठल्याच नाहीत. चर्चमध्ये मी आपली पांढरा ड्रेस घालून गेले, बाकी सगळे काळ्या कपड्यांत. तिची आई मला मिठी मारून म्हणाली, "तिला आवडलं असतं हे. तिला काळा रंग आवडायचा नाही." नात पहिल्या बाकावर बसली होती, एकदाही मागे वळली नाही.

ड्रायक्लीनरवरच्या खोल्या मालकाला परत गेल्या. नात आपल्या आईकडे पुलापलीकडे राहायला गेली. तिच्या आईने माझ्यापासून काहीच लपवून ठेवलं नाही. ऑगस्टमध्ये आमच्या अंगणात बसून म्हणाली, "हे एकच वर्ष. आठवी तिची त्याच बाईंकडे होऊ दे. नववीपासून बघू. आजी गेली, आता बाईही गेल्या तर ती मोडेल."

"मग राहू दे की," मी म्हटलं.

"नियमात बसत नाही," ती म्हणाली. "शाळेकडे अजून माझ्या आईचाच पत्ता आहे."

मला त्यात काही भयंकर वाटलं नाही, खरंच सांगते. आमच्या मराठी मंडळातल्याच एका कुटुंबाने असं केलं होतं. गावात घर बांधून होईपर्यंत ते पुलापलीकडे स्वस्तात राहिले, आणि मुलगा मात्र काकांच्या पत्त्यावर आमच्या शाळेत. घर वेळेत झालं नाही, तसं दीड वर्ष निघालं. गणपतीच्या आरतीला सगळ्यांदेखत त्याचे विनोद व्हायचे. मुलाला कुणी कधी एका शब्दाने विचारलं नाही.

हिला विचारलं. ऑक्टोबर संपता संपता तिच्या आईला शाळेच्या ऑफिसातून बोलावणं आलं. शाळेने एक माणूस नेमला होता. तो सकाळी गाडी घेऊन पुलापलीकडे त्यांच्या बिल्डिंगसमोर बसायचा. मायलेकी दारातून कधी निघतात, कुठल्या रस्त्याने शाळेत येतात, याचे त्याने फोटो काढले होते. एका फोटोत ती अंधारात, हुड डोक्यावर ओढून, गाडीत बसत होती. एका हातात टोस्ट. तेरा वर्षांची पोर, आणि तिच्यावर पाळत.

त्या संध्याकाळी जेवताना मी नवऱ्याला सांगितलं. तो वाईट माणूस नाही. पण म्हणाला, "बघ, नियम तो नियम. आपण इथे एवढा टॅक्स कशासाठी भरतो?"

"आणि मंडळातल्या त्या लोकांच्या मुलाचं काय?"

"त्यांचं घर होणार होतं इथे."

"हिचं घर होतं इथे. आजी मेली म्हणून गेलं."

तो ताटातला घास नुसता फिरवत राहिला. लेक आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. म्हणाली, "सो दे जस्ट फॉलोड हर? लाइक अ क्रिमिनल?"

दुसऱ्या दिवशी मी कामावरून लवकर निघून स्कूल डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात गेले. मनात एक साधा उपाय होता. ती आमच्याकडे राहील. वरची एक खोली रिकामीच होती, आईबाबा भारतातून आले की वापरायची. नवऱ्याला विचारलंसुद्धा नव्हतं. तिथले अधिकारी अतिशय सौम्य गृहस्थ होते. मला बसवलं, पाणी दिलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही फार चांगल्या मनाच्या आहात," ते म्हणाले. "असं करता येतं. मुलगी तुमच्या घरी राहू शकते. पण तिच्या आईला शपथेवर सांगावं लागेल की तिला स्वतःच्या मुलीचा सांभाळ करणं शक्य नाही. आणि तुम्हाला शपथेवर सांगावं लागेल की मुलगी तुमच्याकडे केवळ शाळेसाठी राहत नाहीये."

"पण ती केवळ शाळेसाठीच राहणार आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, नाही असं मी म्हणणार नाही. मग म्हणाले, "हे तुम्ही मला सांगायला नको होतं."

तिच्या आईला मी नर्सिंग होमच्या पार्किंगमध्ये भेटले. जेवणाच्या सुट्टीत ती गाडीत बसून खायची. मी तिच्या शेजारच्या सीटवर बसले आणि ऑफिसात ऐकलेलं सगळं सांगितलं. माझ्यापुरतं खरं बोलणं सोडायला मी तयार होते. म्हटलं, मी माझी शपथ घेते, खोटी तर खोटी. "तुझा फक्त एक कागद. त्याला खरा अर्थ थोडाच आहे? सहा-सात महिन्यांचा तर प्रश्न आहे."

तिने डबा बंद केला. तिने समोरच्या काचेतून पाहिलं. एक म्हातारे गृहस्थ व्हीलचेअरवर उन्हात बसले होते, त्यांना तिने हात केला.

"तिचा बाप गेला तेव्हा ती सहा महिन्यांची होती," ती म्हणाली. "रात्रपाळी करून सकाळी मी तिचे केस विंचरायला आईकडे यायचे. आजपर्यंत तिचे केस माझ्याशिवाय कुणी विंचरले नाहीत. आणि आता हात वर करून मी कोर्टासारखं सांगू की मला माझी मुलगी सांभाळता येत नाही?"

"फक्त शाळेसाठी गं."

"उद्या ते कुणी वाचलं तर? सरकारी माणसाने वाचलं तर? आमच्यासारख्यांच्या घरातून मूल काढून न्यायला असा एक कागद पुरतो. तुम्हाला ते माहीत नाही." मग आवाज खाली आणत म्हणाली, "आणि तिने वाचलं तर? आता तिला वाचता येतं."

माझ्या घरातून माझं मूल कुणी काढून नेईल अशी भीती मला या देशात कधी वाटली नव्हती. व्हिसाची भीती वाटली होती, नवऱ्याची नोकरी जाण्याची वाटली होती, ही नाही.

मुलीला काढण्याआधी स्कूल बोर्डापुढे सुनावणी होती, ती शाळेच्या लायब्ररीतच झाली. छोट्या मुलांच्या बुटक्या खुर्च्या बाजूला सारून बोर्डाचे लोक, म्हणजे गावाने निवडून दिलेली माणसं, लांब टेबलामागे बसले होते. सगळे ओळखीचे चेहरे. एकजण आमच्या दंतवैद्य, एकांच्या मुलीबरोबर माझी लेक पोहायला जायची. वाचन शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या, त्यांनी सांगितलं की हे काम मध्येच तोडलं तर मूल मागे जातं. बोर्डातल्या एक बाई कळवळून म्हणाल्या, "मुलगी अभ्यासात विशेष आहे का? काही खास गुण? तसं असेल तर खाजगी शाळांच्या स्कॉलरशिप असतात."

तिची आई म्हणाली, "नाही. ती साधी मुलगी आहे."

मला बोलायची परवानगी मिळाली तेव्हा मी तयारी करून आलेलं सगळं विसरले. म्हटलं, "याच शाळेत एक मुलगा दीड वर्ष दुसऱ्याच्या पत्त्यावर शिकला. आमच्याच समाजातला. सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या घरासमोर कुणी गाडी लावून बसलं नाही."

बोर्डाच्या वकिलाने पेन उचललं. "नाव सांगा."

तो मुलगा तेव्हा सहावीत होता. दिवाळीला घरी आला की सरळ फ्रिज उघडणारा. त्याचं नाव माझ्या जिभेवर होतं. तेवढ्यात टेबलाखाली माझ्या मनगटावर हात आला. तिची आई मान हलवत होती. "नको," ती हळूच म्हणाली, "आणखी एक पोर नको."

मी खाली बसले. निकाल विरोधात गेला. वरपर्यंत दाद मागता आली असती, पण तिथेही हरलो तर मुलगी शाळेत बसलेल्या प्रत्येक दिवसाची फी आईकडून वसूल होणार होती. तिने दाद मागितली नाही. नाताळच्या सुट्टीआधीचा शुक्रवार हा मैत्रिणीचा शेवटचा दिवस ठरला.

त्या दिवशी वर्गात केक आणला होता म्हणे. लेक सांगत होती की सगळ्यांना नेमकं काय म्हणावं कळेना, म्हणून कुणीतरी 'गुड लक' म्हणालं आणि मग सगळेच गुड लक म्हणत राहिले, जणू ती स्पर्धेला चालली होती. वाचनाच्या बाई तिला सोडायला दारापर्यंत आल्या आणि परत गेल्याच नाहीत, तिथेच थंडीत कोटाशिवाय उभ्या राहिल्या. मी मुलींना घ्यायला गेले होते. गाडीत ती विनोद करत होती, बोर्डाच्या वकिलाची नक्कल करून दाखवत होती. पुलाजवळ आल्यावर गप्प झाली. तिच्या बिल्डिंगखाली उतरताना तिने मला विचारलं, "काकू, मी काही चोरलं होतं का?"

"नाही राजा," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं. तिला कळलं असावं.

पुलापलीकडच्या शाळेत वाईट माणसं होती असं मी म्हणणार नाही. तिथल्या मुख्याध्यापकांना मी भेटले. थकलेले, भले गृहस्थ होते. वाचनाचा आधार तिला कायद्याने मिळायलाच हवा होता, तसं कागदावर होतंही. पण ते शिकवणारी एकच बाई तीन शाळांना मिळून होती, आणि ती बाळंतपणाच्या रजेवर होती. "जागा भरायची जाहिरात दिलीय," ते म्हणाले. "येतात, आणि तुमच्या गावात जास्त पगार मिळाला की जातात." गणिताला रोज वेगळी बदली शिक्षिका. हिवाळ्यात एका बाजूचे हीटर चालेनात म्हणून मुलं कोट घालून बसायची. या शाळेपासून माझ्या दारापर्यंत गाडीने जेमतेम दहा मिनिटं.

मी शनिवारी तिला घेऊन तिथल्या सार्वजनिक लायब्ररीत बसायला लागले. मला शिकवता येत नव्हतं, पण ऐकता तर येत होतं. पहिले काही शनिवार ती पूर्वीसारखीच वाचायची. मग हळूहळू आवाज बारीक होत गेला. शब्द अडला की डोळे मिटण्याऐवजी ती अंदाजाने काहीतरी ठोकून द्यायची आणि पुढे जायची. मी थांबवलं की म्हणायची, "काय फरक पडतो?" मार्चमध्ये एका शनिवारी तिने पुस्तक मिटलं.

"काकू, वर्गात मी मोठ्यांदा वाचलं तर हसतात. आधीही हसले असते. पण तिथे बाई होत्या ना."

"मी आहे की."

"तुम्ही फक्त शनिवारी असता," ती म्हणाली. रागाने नाही. नुसतं सांगितल्यासारखं.

जूनमध्ये आमच्या शाळेचा आठवीचा निरोप समारंभ होता. इथे आठवी संपली की मिडल स्कूल संपतं, मुलं नवे कपडे घालतात, स्टेजवर जाऊन हात मिळवतात. प्रत्येक घराला मोजकीच तिकिटं. लेक एके दिवशी मैत्रिणीबद्दल म्हणाली, "तिला समारंभ बघायचाय. तिने मला विचारलं, मी येऊ शकते का?" आम्हाला दोनच तिकिटं होती. मी काही बोलायच्या आत नवरा म्हणाला, "माझं घेऊ दे तिला." मी त्याच्याकडे पाहिलं. तो चष्मा पुसत होता. "मी बाहेर पार्किंगमध्ये थांबतो. मला काय, नंतर व्हिडिओ बघता येईल."

ती निळा ड्रेस घालून आली. तिच्या आईने केस इतके सुंदर विणले होते की आजूबाजूच्या बायका वळून बघत होत्या. आम्ही पालकांमध्ये बसलो. दिवे मंद झाले आणि पडद्यावर किंडरगार्टनपासूनचे फोटो सुरू झाले. कुणीतरी फोटो गोळा केले होते, पण तिला त्यातून काढायचं कुणाला सुचलं नव्हतं, किंवा कुणाला काढवलं नव्हतं. पहिल्याच मिनिटात ती आली. पुढचे दात नाहीत, केसांत मणी, माझ्या लेकीच्या गळ्यात हात. मग भोपळ्याच्या शेतात. मग तिसरीतल्या नाटकात झाड झालेली. मागे छत्रीचा पिवळा कोपरा आणि आजीचा अर्धा हात. माझ्या शेजारी बसून ती आधी मोठ्यांदा हसली, तिच्या त्या जुन्या हसण्याने. आजीचा हात आला तेव्हा हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मागच्या रांगेतल्या एका बाईने नवऱ्याला विचारलं, "ही मुलगी कोण? स्टेजवर तर दिसत नाही."

मग नावं पुकारायला सुरुवात झाली, आडनावांच्या क्रमाने. तिच्या आडनावाचं अक्षर आलं तशी ती ताठ बसली. मला वाटतं तिलाही ते कळलं नसावं. नाव आलं नाही, पुढचं आलं. तिने टाळ्या वाजवल्या. सगळ्यांसाठी वाजवल्या, शेवटच्या मुलापर्यंत, तळवे लाल होईस्तोवर. माझ्या लेकीने स्टेजवरून आमच्याकडे पाहिलं नाही. बघितलं असतं तर मी रडले असते, असं ती मला नंतर म्हणाली.

बाहेर पार्किंगमध्ये नवरा दोन पुष्पगुच्छ घेऊन उभा होता. एक त्याने लेकीला दिला आणि दुसरा मैत्रिणीपुढे धरला. "काँग्रॅच्युलेशन्स," तो म्हणाला. तिने गुच्छ घेतला, थँक्यू काका म्हणाली, आणि गाडीत बसल्यावर तो मांडीवर उलटा ठेवला, फुलं खाली.

त्यानंतरचं सांगण्यासारखं फार नाही. नववीत तिने शनिवारी सॅंडविचच्या दुकानात काम धरलं, त्यामुळे आमचं लायब्ररीत बसणं बंद झालं. नापास विषयांसाठी तिला कॉम्प्युटरच्या खोलीत बसवायचे. व्हिडिओ बघायचा, खालच्या प्रश्नांवर क्लिक करायचं, चुकलं तर दुसऱ्या उत्तरावर क्लिक करायचं. खोलीत एक माणूस हजेरीपुरता. "वाचायला लागत नाही," तिने मला फोनवर सांगितलं. मुलींचे फोन सुरुवातीला रोज, मग वाढदिवसाला. माझ्या लेकीचे विषय वेगळे झाले, मैत्रिणी वेगळ्या झाल्या. कुणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर निदान समेट तरी करता आला असता.

यंदाच्या वसंतात तिच्या आईचा फोन आला. तिच्या लेकीने शाळा सोडली होती. हायवेलगतच्या एका गोदामात लागली होती, खोकी भरायला. "मी खूप समजावलं," आई म्हणाली. "ती म्हणते, मला मूर्ख असल्यासारखं वाटत नाही असं शाळेत एकही ठिकाण नाही. गोदामात वाटत नाही म्हणते." मग थोडं थांबून, "तिला मी सांभाळू शकले नाही का हो? तो कागद दिला असता तर?"

"नाही," मी म्हटलं. "नाही. असं म्हणायचं नाही." मी तिला बरोबर उत्तर दिलं का ते मला आजही माहीत नाही.

माझी लेक आता बारावीत आहे. कॉलेजच्या अर्जासाठी निबंध लिहायचा असतो, स्वतःच्या आयुष्यातला एखादा प्रसंग. तिने मैत्रिणीवर लिहिला होता. पाळत ठेवणारी गाडी, सुनावणी, निरोप समारंभ, सगळं. शाळेतल्या समुपदेशक बाईंना तो इतका आवडला की त्यांनी मला मुद्दाम कळवलं, फार प्रभावी विषय आहे, अगदी वेगळा. मी लेकीला म्हटलं, "वाचायला दे ना मला."

"डिलीट केला," ती म्हणाली.

"का गं?"

ती लॅपटॉपवरून मान वर न करता बोलली, आणि चक्क मराठीत बोलली, जे ती हल्ली क्वचितच करते. "तिला शाळेतून काढलं, आणि मी ते सांगून कॉलेजात जाऊ? तिचं वापरून मला आत जायचं नाही, आई."

"मग तिला फोन तरी कर."

"काय बोलू?" ती म्हणाली. "तू सांग ना, काय बोलू?"

शेवटी निबंध तिने पोहण्याच्या शर्यतीवर लिहिला. चांगला झालाय, असं सगळे म्हणाले.